पर्पल मार्टिन अंगणात राहायला यावेत म्हणून नक्की काय करायचं?

ओसरी

नमस्कार मंडळी, इथे पक्षीवेडे बरेच आहेत म्हणून विचारतेय. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, वस्ती नवीन आहे, मागे बऱ्यापैकी मोठं अंगण आणि कुंपणापलीकडे एक छोटं तळं. गेल्या वसंतात पर्पल मार्टिन या भिंगरीच्या कुळातल्या पक्ष्यांसाठी बारा खणांचं पांढरं अ‍ॅल्युमिनियमचं बर्डहाऊस आणलं आणि मागच्या कुंपणाजवळ खांबावर लावलं, तिथे शेजारच्यांचा एक मोठा ओक आहे त्याच्या फांद्या साधारण दहा-पंधरा फुटांवर येतात. फेब्रुवारीत लावलं आणि मार्च संपेपर्यंत वाट पाहिली, मार्टिन वरून घिरट्या घालून जायचे पण बसायचे नाहीत. मग चिमण्या आल्या आणि खणाखणात गवत भरून मोकळ्या झाल्या.

वाईट याचं वाटतं की दोन गल्ल्या सोडून एक आजोबा राहतात त्यांच्याकडे मार्टिनची नुसती झुंबड असते. सकाळी फिरायला गेलं की तो गुळण्या केल्यासारखा खळखळता आवाज ऐकत मी तिथेच उभी राहते. नर उन्हात वळला की निळा-जांभळा असा काही चमकतो ना! आमच्या अंगणात काय कमी आहे तेच कळत नाहीये. जागा चुकतेय का, वेळ, का घरच बरोबर नाही? आणि हे पक्षी आले की डास कमी होतात हे खरं का, कारण तळ्यामुळे डास भरपूर आहेत.

खाडीकाठ

ओसरीताई, आम्ही ह्युस्टनजवळ असतो, आमच्याकडे बरीच वर्षं मार्टिनची वसाहत आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या वर्णनात पहिली गोष्ट खटकली ती ओक. मार्टिन हा उघड्या आकाशाचा पक्षी आहे, घराकडे येताना लांबून सरळ झेपावत येतो आणि निघतानाही खाली सूर मारून निघतो, त्याला चारी बाजूंनी मोकळी वाट लागते. शिवाय झाड जवळ असलं की कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी त्यात दबा धरून बसतो आणि घुबडं रात्री तिथूनच येतात, हे त्या पक्ष्याला आपल्यापेक्षा नीट कळतं. घरापेक्षा उंच असलेलं कुठलंही झाड निदान ४० फूट लांब हवं, ६० असेल तर उत्तम. तुमच्याकडे दहा-पंधरा फुटांवर फांद्या म्हणजे त्यांनी वरून बघून नापसंत केलं एवढंच.

दुसरं म्हणजे लोकांना वाटतं पक्षी माणसाला भितात म्हणून घर लांब कोपऱ्यात लावावं. मार्टिनचं बरोबर उलटं आहे. त्यांना माणसाची जाग हवी असते, तुमच्या राहत्या घरापासून ३० ते १०० फुटांच्या टप्प्यात खांब असला तर ते जास्त पसंत करतात. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडे हा पक्षी आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने लावलेल्या घरांमध्येच अंडी घालतो, झाडाच्या ढोलीत नाही. पश्चिमेला मात्र अजून सुतारपक्ष्यांच्या जुन्या ढोल्या वापरतात, ॲरिझोनात तर साग्वारो निवडुंगातल्या ढोल्यांमध्ये राहतात. पूर्वेकडे ही सवय फार जुनी आहे, चॉक्टॉ आणि चिकसॉ लोक युरोपियन लोकांच्या कितीतरी आधीपासून वाळवलेले भोपळे पोखरून वस्तीत टांगून ठेवायचे आणि त्यात मार्टिन यायचे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या दारात वाढलेला पक्षी आहे हा, त्याला कुंपणाच्या टोकाला ठेवू नका, मागच्या दारातून दिसेल असा अंगणाच्या मधोमध ठेवा. उंची १२ ते १५ फूट पुरे.

घराचं म्हणाल तर बारा खणांची जी जुनी धाटणी आहे तिचे खण ६ इंच बाय ६ इंच असतात, ते लहान पडतात. पिल्लं दाराशी येऊन बसतात, पावसाने भिजतात आणि घुबडाचा पाय आत सहज पोचतो. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियमच्या घरांत मधली पडदी काढता येते, ती काढून दोन खणांचा एक करा, म्हणजे १२ इंच खोल खण मिळतो. बारा बिऱ्हाडांऐवजी सहाच होतील पण ती नीट नांदतील.

एरीकर

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी पेनसिल्व्हेनियात एरी तलावाजवळ असतो, मार्टिनवर काम करणारी पर्पल मार्टिन कन्झर्व्हेशन असोसिएशन आमच्याच भागातली, त्यामुळे इकडे या पक्ष्याचं वेड जरा जास्तच आहे.

मला वेळेबद्दल लिहायचंय कारण बहुतेक लोक तिथेच हाय खातात. सगळ्यात आधी जे येतात त्यांना स्काऊट म्हणतात आणि लोकांची समजूत अशी की हे पुढे येऊन जागा शोधतात आणि मग परत जाऊन बाकीच्यांना घेऊन येतात. असं काही नसतं. ते म्हणजे वयाने मोठे झालेले पक्षी, ज्यांचं घर आधीच ठरलेलं आहे आणि ते गेल्या वर्षी जिथे पिल्लं वाढवली तिथेच परत जाणार. फ्लोरिडात जानेवारीत, तुमच्याकडे फेब्रुवारीत, आमच्याकडे एप्रिलमध्ये. म्हणजे फेब्रुवारीत तुमच्या डोक्यावरून जे घिरट्या घालत होते ते आजोबांचे भाडेकरू, ते तुमच्याकडे राहायला येण्याची शक्यता फारच थोडी.

नव्या जागी येतात ते एक वर्षाचे, आदल्या उन्हाळ्यात जन्मलेले. ते मोठ्यांच्या मागून चार-सहा आठवड्यांनी यायला लागतात आणि पुढे कितीतरी दिवस येतच राहतात. तुमच्याकडे म्हणजे मार्चच्या मध्यापासून पार मेपर्यंत. तुमची खरी वेळ सुरू होते तेव्हाच तुम्ही वाट बघणं थांबवलंत आणि तोपर्यंत चिमण्यांनी खण भरलेले. हे तरुण पक्षी ओळखायला सोपे, नर अजून पूर्ण काळानिळा झालेला नसतो, पोट करडं-पांढुरकं असतं आणि छातीवर-गळ्याखाली एखाद-दुसरं गडद पीस डागासारखं दिसतं. असं कुणी तुमच्या घराच्या छपरावर बसून भोकात डोकावताना दिसलं तर समजा गिऱ्हाईक आलं. म्हणून भोकं बंद ठेवा आणि आजोबांकडे पहिला पक्षी दिसल्यावर महिनाभराने उघडा, आणि जूनपर्यंत आशा सोडू नका, उशिरा येऊनही जोड्या अंडी घालतात.

आणखी एक, जुलै-ऑगस्टमध्ये घर रिकामं असलं तरी काढून ठेवू नका. त्या वर्षीची उडायला शिकलेली पिल्लं दक्षिणेला जायच्या आधी आसपासची घरं बघत फिरतात, पुढच्या वसंतात कुठे जायचं याची ती चाचपणी असते.

केवढा प्रवास करून येतात याचाही विचार करा. हिवाळा ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात. पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पाठीवर नखाएवढी यंत्रं बसवून केलेला अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात एका मादीला शरदात ब्राझीलला पोचायला ४३ दिवस लागले होते आणि वसंतात परत यायला फक्त १३. पन्नास-एक ग्रॅमचा जीव! मी हे वाचलं तेव्हापासून पहिला पक्षी दिसला की मला कसंतरीच होतं, आनंदाने.

तळ्यातमळ्यात

डासांचं खरंय की, आम्ही बर्डहाऊस घेतलं त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं एक मार्टिन दिवसाला २००० डास खातो म्हणून. आमच्या मिस्टरांनी तर त्याचसाठी घेतलं.

खाडीकाठ

तळ्यातमळ्यात, तो २००० चा आकडा साठच्या दशकात इलिनॉयमधल्या घरं विकणाऱ्या एका कारखानदाराने पसरवला आणि खोक्यांवर अजून तसाच फिरतोय. मार्टिन दिवसा आणि बरंच उंचावर शिकार करतो, डास संध्याकाळनंतर आणि खाली झुडपांत, दोघांची गाठ पडते कुठे? पोटं तपासून झालेल्या अभ्यासांत डास जवळजवळ नाहीतच. खातात ते मोठे किडे, चतुर, भुंगेरे, माश्या, पतंग, उडते मुंगळे. आपल्याला इथे टेक्सासात छळणाऱ्या फायर अँटच्या उडत्या राण्या मात्र भरपूर खातात, हा फायदा खरा आहे.

चतुराचं तर मी रोज बघतो. मादी तोंडात आख्खा चतुर घेऊन येते, पिल्लाचं डोकं भोकातून बाहेर, ती तो चतुर पंखांसकट त्याच्या घशात कोंबते आणि पिल्लू गिळायचं थांबतं, चोचीच्या दोन्ही बाजूंनी चार जाळीदार पंख बाहेर आणि पिल्लाचे डोळे मोठ्ठे. मग एक आवंढा, पंख थोडे आत, अजून एक आवंढा, आणि गेला सगळा. पुढच्या मिनिटाला परत तोंड उघडून तयार. आता चतुर स्वतःच डास खातो, त्यामुळे डासांसाठी मार्टिन पाळायचा हिशेब कुठूनच जमत नाही. डासांसाठी साचलेलं पाणी बघा. मार्टिन मार्टिनसाठी बोलवा.

ओसरी

बापरे किती माहिती दिलीत, मनापासून थँक्यू. ओकचं अंतर आणि तरुण पक्ष्यांचं हे दोन्ही मला अजिबात माहीत नव्हतं. खांब आता थंडीतच हलवून घेते, अंगणाच्या मध्यावर आणला तर ओकपासून पन्नास फूट सहज होतील.

पण चिमण्यांचं काय करू? खरं सांगायचं तर माझा जीव होत नाही. आपल्याकडे चिमण्या कमी झाल्या म्हणून सगळे हळहळतात, २० मार्चला चिमणी दिवस असतो, माझी आई अजून गॅलरीत त्यांच्यासाठी पाणी आणि तांदूळ ठेवते, आणि मी इथे त्यांची घरटी ओढून काढू? आजोबांना विचारलं तर ते म्हणाले नो मर्सी. मला ते ऐकून कसंसंच झालं.

रानजाई

ओसरी, तुझा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही गं, कारण माझीही घालमेल अगदी हीच होती. मी ओहायोमध्ये असते.

चिमणी तीच आहे, आपल्याकडची आणि इथली एकच जात. फरक ती कुठे आहे याचा. इथे ती स्वतःहून आलेली नाही, १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडली आणि पुढे खंडभर पसरली. स्टार्लिंगही तसेच, म्हणजे आपल्या साळुंकीचे भाऊबंद, युजीन शीफलिन नावाच्या माणसाने १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडले. इथल्या ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांना या दोघांशी झगडायची सवयच नव्हती. चिमणी नुसती जागा अडवत नाही. मी शेजारणीचं घर खाली उतरवून साफ करायला मदत करत होते तेव्हा एका खणात मार्टिनची पाच पांढरीशुभ्र अंडी होती आणि प्रत्येकाला एकेक बारीक भोक, चोचीने टोचलेलं, आतलं सगळं वाळून गेलेलं. मादी तरीही रोज येऊन त्यावर बसत होती म्हणे. ते बघितल्यावर माझ्या मनातला गोंधळ बराच मिटला. चिमणीचा राग नाही आला, ती तिच्या स्वभावानेच वागतेय, पण घर मी उभं केलंय तर आत कोण राहणार हे बघणं माझ्याकडे आलं.

मी मारत नाही, तेवढं मला जमत नाही. पण तेवढ्यावाचूनही बरंच होतं. भोकं मार्टिन येईपर्यंत बंद ठेवायची हे एरीकरांनी सांगितलंच आहे. उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी घर खाली घेऊन बघायचं, चिमणीचं काम ओळखू येतं, खण छतापर्यंत गवत, पिसं, कागदाचे कपटे, प्लॅस्टिक असं काहीही कोंबलेलं. मार्टिनचं घरटं बसकं असतं, काटक्या आणि चिखल, पुढच्या बाजूला चिखलाचा छोटा बांध आणि अंडी घालायच्या सुमारास हिरवी पानं आणून पसरतात. गवत दिसलं की काढून टाकायचं, अंडी व्हायच्या आधीच काढलं तर तुलाही कमी त्रास. नर चिमणा त्या खणाला चिकटून असतो, तो परत भरणार, मग तो खण काही दिवस बंदच करायचा. आणि अंगणात स्वस्तातलं दाणामिश्रण, बाजरीसारखे बारीक दाणे, मक्याचा भरडा हे ठेवत असशील तर बंद कर, चिमण्या त्यावरच येतात. काही जण सापळा लावून पकडतात आणि दूर नेऊन सोडतात, मला ते पटत नाही, आपली पीडा दुसऱ्याच्या अंगणात. आजोबांची पद्धत वेगळी असेल, कायद्याने चिमणी आणि स्टार्लिंगला संरक्षण नाहीये त्यामुळे ते बेकायदा काही करत नाहीत, पण तुला तेच करायला हवं असं नाही.

मात्र हे सगळं ज्यांना कायद्याने संरक्षण नाही त्यांच्यापुरतंच हं. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टखाली बाकी बहुतेक सगळे येतात. एखाद्या खणात ब्लूबर्ड किंवा ट्री स्वॅलोने अंडी घातली तर हात लावायचा नाही, पुढच्या वेळी त्यांच्यासाठी लांबवर एक सुटी पेटी लावून द्यायची म्हणजे तेही खूश.

एरीकर

रानजाईंनी फार छान लिहिलंय. स्टार्लिंगसाठी एक भर घालतो. त्यांना दारातच अडवता येतं. नेहमीचं गोल भोक दोन इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असतं, त्यातून स्टार्लिंग आरामात घुसतो. त्याऐवजी चंद्रकोरीच्या आकाराचं भोक असलेल्या पुढच्या पट्ट्या मिळतात, त्याची उंची सुतारी मापात एक इंच दीड सूत आणि ते खणाच्या तळाला जवळजवळ टेकलेलं असतं. मार्टिनचे पाय आखूड, तो पोटावर सरकत आत जातो, स्टार्लिंगची छाती अडकते. इथे माप सूतभरही वाढवायचं नाही, तेवढ्यानेच तो आत येतो. चिमणी लहान असल्यामुळे तिला हे भोक अडवत नाही, तिच्यासाठी वरचीच मेहनत.

आणि घर खाली घेण्याबद्दल. खांब कप्पीचा किंवा विंचचा हवा, म्हणजे घर सरळ खाली येतं. बुंध्याशी वाकवून आडवा होणारा असेल तर बदला, अंडी गडगडतात. पाच-सात दिवसांनी एकदा उतरवून बघायला काही हरकत नाही, हात लागला म्हणून मार्टिन पिल्लं टाकून जात नाहीत, ही भीती मनातून काढा. फक्त पिल्लं साधारण २२ दिवसांची झाली की मग उतरवू नका, घाबरून वेळेआधी उड्या मारतात. एकूण २८ दिवसांच्या आसपास उडतात.

खांबाला जमिनीपासून चार-पाच फुटांवर पत्र्याचं नळकांडं किंवा शंकू लावायला विसरू नका. तुमच्याकडे रॅट स्नेक गुळगुळीत खांबावरही चढतो आणि रकून तर आहेच. एका रात्रीत आख्खी वसाहत रिकामी होते आणि उरलेले पक्षी पुढच्या वर्षी येत नाहीत.

तळ्यातमळ्यात

अच्छा, डासांचं कळलं, मिस्टरांना वाचून दाखवते. आमच्याकडे मागच्या वसंतात दोन जोड्या होत्या पण अचानक थंडी पडली तेव्हा ते खणातून बाहेरच येईनात, चिंता वाटत होती. अशा वेळी काही खायला देता येतं का? दाणे खात नाहीत ना.

एरीकर

दाणे नाही खात, उडतं अन्नच खातात आणि पारा ५० फॅरनहाइटच्या खाली गेला की किडे उडत नाहीत. दोन दिवस निघतात, तीन-चार दिवस सलग झाले की मरायला लागतात. १९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस चक्रीवादळाचा पाऊस दिवसचे दिवस चालला तेव्हा आमच्या राज्यातल्या मार्टिनचा प्रचंड संहार झाला, जुने लोक अजून सांगतात. टेक्सासात २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फ पडला तेव्हा लवकर पोचलेल्यांचं तेच झालं.

देता येतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात रातकिडे आणि मीलवर्म मिळतात. प्लॅस्टिकच्या चमच्याने एकेक रातकिडा त्यांच्या समोरून हवेत उंच उडवायचा. पहिले काही वाया जातात, मग एखादा पक्षी ओळखतो आणि झेपावतो, एकाने घेतला की बाकीचे लगेच शिकतात. नंतर घराच्या उंचीवर ताटली लावून त्यात अंड्याची भुर्जीही ठेवता येते, बिनमिठाची आणि बिनतेलाची. हे शिकवायला वेळ लागतो म्हणून थंडीच्या पहिल्याच दिवशी सुरू करा, गळाठल्यावर ते उडूच शकत नाहीत. अंड्यांची टरफलं उकळून किंवा ओव्हनमध्ये भाजून चुरून ठेवलीत तर तीही आवडीने खातात, माद्यांना अंडी घालताना कॅल्शियम लागतं.

ओसरी

सगळ्यांचे खूप आभार. रानजाई, तुझं वाचून खरंच बरं वाटलं, खण बंद ठेवणं आणि गवत वेळेवर काढणं एवढं मी नक्की करू शकेन. दोन शेवटचे प्रश्न. एक, आमचं एचओए, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना, खांबाच्या उंचीवरून कटकट करेल असं वाटतंय. दोन, पहाटेच्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावतात म्हणे, त्याने खरंच येतात का?

खाडीकाठ

एचओएला लावायच्या आधी लेखी अर्ज द्या, सोबत फोटो आणि जागेचा नकाशा जोडा. आजोबांची वस्ती त्याच एचओएत येत असेल तर त्यांच्या खांबाला परवानगी मिळालेली आहे हे त्यात लिहाच. पांढऱ्या भोपळ्यांचा रॅक काही ठिकाणी नाकारतात पण घराच्या आकाराचं चालतं असंही बघितलंय, तुमचं घर आहे तेच ठेवा.

रेकॉर्डिंगचा उपयोग होतो, पण नव्या जागेलाच. मोठे नर पहाटे अंधारात वर आकाशात चढून गातात आणि ते ऐकून जवळून जाणारे तरुण पक्षी खाली उतरतात, म्हणून ते उजाडायच्या आधी लावायचं, दिवसभर नाही. शेजाऱ्यांची झोपमोड होणार नाही एवढ्याच आवाजात. घरावर दोन-तीन प्लॅस्टिकचे नकली मार्टिन बसवले तरी मदत होते, हे पक्षी जिथे आपले दिसतात तिथे थांबतात. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे आजोबा. दोन गल्ल्यांवर भरलेली वसाहत असली की तिथे जागा न मिळालेले तरुण पक्षी आसपासच शोधतात. त्यांच्याकडे पहिला पक्षी कधी आला ते विचारून ठेवा, तिथून महिना मोजा.

ओसरी

त्याच एचओएत आहेत ते! रविवारी जातेच त्यांच्याकडे, खांबाची उंची आणि झाडांपासूनचं अंतर मोजून इथे टाकते, बघून सांगा. आणि चंद्रकोरीवाल्या पट्ट्या माझ्या घराला बसतील का हे बघायला घराच्या दाराचा फोटोही टाकते.